साथ आधी सांगेल त्याचं काय?

सप्टेंबर 1994 च्या शेवटच्या आठवड्यात सुरतेहून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला माणसं लोंबकळत होती. यंत्रमागावर काम करणारे खानदेशी, हिऱ्यांना पैलू पाडणारे सौराष्ट्री, ओडिया कामगार, आणि त्यांच्याबरोबर शहरातले बरेच खासगी डॉक्टरही. फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली होती. त्याच्या महिनाभर आधी आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, आत धान्य राहिलं, त्यावर उंदीर पोसले, असं त्याचं कारण तेव्हा दिलं गेलं. सगळी साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. अधिकृत मृत्यू पन्नासच्या आसपास.

पण तोवर आखाती देशांनी विमानं थांबवली होती, भारतीय माल अडवला जात होता, युरोपातल्या विमानतळांवर भारतातून आलेल्यांची तपासणी सुरू झाली होती. प्रवास आणि व्यापार बंद करायची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. भारताचं नुकसान पावणेदोन ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज पुढे प्रसिद्ध झाले. त्यातला एक डॉलरही कोणी भरून दिला नाही. भरून द्यावा अशी सोयच नव्हती, आणि ती आजही नाही.

करोनानंतर जगाला साथींसाठी एक नवी, ताकदवान आंतरराष्ट्रीय यंत्रणा हवी, ही मागणी जोरात आली. हेलन क्लार्क आणि एलन जॉन्सन सरलीफ यांच्या स्वतंत्र समितीने मे 2021 मध्ये राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवरची एक जागतिक परिषद सुचवली. बिल गेट्स यांनी 2022 च्या पुस्तकात तीन हजार पूर्णवेळ तज्ज्ञांच्या पथकाची कल्पना मांडली, वर्षाचा खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसारखे निरीक्षक हवेत, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. या सगळ्या योजनांत पथकं आहेत, प्रयोगशाळा आहेत, बर्लिनमध्ये 2021 साली उभं राहिलेलं माहिती-विश्लेषणाचं केंद्र तर प्रत्यक्षात आहेच. मला त्यांत एकच उणीव दिसते आणि ती मुळातली आहे. आग लागली म्हणून जो पहिल्यांदा ओरडेल त्याचंच दुकान सगळ्या बाजारपेठेने बंद पाडायचं, असा रिवाज असेल तर अग्निशमन दलाकडे कितीही बंब असून काय उपयोग? साथ आधी कळवणाऱ्या देशाचं नुकसान आपोआप भरून निघेल, अशी व्यवस्था जिच्या केंद्रस्थानी नाही, ती कोणतीही नवी यंत्रणा जुन्याच वाटेने जाईल.

ही जुनी वाट कशी पडली, हे मुंबईला चांगलं ठाऊक असायला हवं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने गाठी आलेले, तापाने फणफणलेले रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. ते उघड मान्य करायला सरकार कचरत होतं. कारण सरळ होतं. मुंबई हे बंदर होतं, प्लेग म्हटलं की जहाजं अडणार, कापूस आणि कातडी अडणार. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही.

फेब्रुवारी 1897 मध्ये व्हेनिस इथे युरोपातल्या सत्तांची आरोग्य परिषद भरली. विषय एकच, मुंबईचा प्लेग युरोपात येऊ द्यायचा नाही. अशा परिषदा 1851 पासून, पॅरिसच्या पहिल्या बैठकीपासून भरत होत्या. कॉलरा आणि पीतज्वर रोखायचे, पण व्यापाराला शक्य तितकी कमी झळ लावून, हा त्यांचा हिशेब. कॉलऱ्यासाठी गंगेच्या खोऱ्याकडे आणि हजच्या वाटेकडे बोट दाखवायचं, आणि ब्रिटनने जहाजांच्या काळजीपोटी विलगीकरणाला विरोध करायचा, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. प्लेगच्या वेळी मात्र ब्रिटनवर दबाव वाढला. मुंबईहून निघणारी हजयात्रा बंद करण्यात आली. व्हेनिसची परिषद भरण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, 4 फेब्रुवारीला, भारतात साथरोग कायदा संमत झाला. मला हा योगायोग वाटत नाही. युरोपला दाखवण्यासाठी कठोर कारवाई हवी होती. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हाताखालचे सोजीर घरांत शिरून झडत्या घेत होते, स्वयंपाकघर आणि देवघर तुडवत होते, त्यामागे रँडचा स्वभाव होता तसा हा दबावही होता. त्याची परिणती 22 जूनला गणेशखिंडीत चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडण्यात झाली. आपण तो इतिहास चाफेकरांच्या बाजूने शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा एक धागा व्हेनिसच्या परिषदेपर्यंत जातो, हे शाळेच्या पुस्तकात येत नाही. (तोच 1897 चा कायदा महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये करोनासाठी लागू केला, ही आणखी एक गंमत.)

म्हणजे साथीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा जन्म एका ठरावीक दिशेने झाला. रोग तिकडून येतो, आपण इकडे स्वतःला वाचवायचं. पॅरिसला 1907 च्या करारातून स्थापन झालेलं आरोग्य कार्यालय, नंतर राष्ट्रसंघाची आरोग्य संघटना, 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अशी घडण होत गेली. हेतू उदार होत गेले. देवीच्या निर्मूलनासारखं थोर काम त्यातूनच झालं. मात्र साथ कळवण्याच्या नियमांचा साचा बदलला नाही. ज्याच्याकडे रोग निघाला त्याने कळवायचं, बाकीच्यांनी दारं लावायची.

आज लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2005 सालचे, अमलात आले 2007 मध्ये. त्यांत कळवणाऱ्यावरची जबाबदारी कडक आहे. जगाला धोका ठरू शकेल अशी घटना लक्षात आली की चोवीस तासांत जिनिव्हाला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेला, कळवायचं. दार लावणाऱ्यालाही नियम आहे. संघटनेच्या सल्ल्यापलीकडे जाऊन कोणी प्रवासात मोठी आडकाठी आणली, तर अठ्ठेचाळीस तासांत त्याची शास्त्रीय कारणं द्यावीत. वाचायला दोन्ही कलमं तुल्यबळ वाटतात. प्रत्यक्षात पहिलं मोडलं की जगभर नाचक्की होते, दुसरं मोडलं तर कोणी विचारतही नाही. करोनात जवळपास सगळ्या जगाने ते मोडलं.

यावर नेहमीचं उत्तर असं की संघटनेला अधिकार कमी आहेत, ते वाढवा. इतिहास मात्र काहीसं वेगळं सांगतो. 2003 मध्ये सार्सच्या वेळी तिच्याकडे आजच्यापेक्षाही कमी अधिकार होते. तरी त्या वेळच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनी सरकारांची परवानगी न घेता हाँगकाँग, ग्वांगदोंग, टोरांटो इथे जाऊ नका असे सल्ले दिले आणि चीनने माहिती दडवल्याबद्दल त्याला जाहीर बोल लावले. सुमारे आठ हजार रुग्ण आणि 774 मृत्यूंवर ती साथ थांबली. संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी, ज्यांनी हनोईतून पहिला गंभीर इशारा दिला, ते त्याच आजाराने गेले. त्या अनुभवावरून नवे नियम लिहिले गेले, अधिकार वाढले. सरकार सोडून इतरांकडून आलेली माहितीही संघटनेला विचारात घेता येऊ लागली, आणीबाणी जाहीर करता येऊ लागली.

आणि मग 2014 आलं. गिनीत मार्चमध्ये इबोला निश्चित झाला. जूनमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ साथ हाताबाहेर गेल्याचं ओरडून सांगत होती. आणीबाणी जाहीर झाली 8 ऑगस्टला. संघटनेचा अंतर्गत पत्रव्यवहार पुढे एका वृत्तसंस्थेने बाहेर काढला. त्यात उशिरामागचे विचार दिसतात. घोषणा केली तर ते देश दुखावतील, त्यांच्या अर्थव्यवस्थेला फटका बसेल, हजयात्रेत अडथळा येईल. 1897 चीच यादी. अधिकार हातात असूनही ते वापरले गेले नाहीत, कारण वापरले असते तर ज्यांना सर्वांत जास्त मदत हवी त्यांचंच सर्वांत जास्त नुकसान झालं असतं आणि अधिकाऱ्यांना हे दिसत होतं. त्यांची भीती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. निर्णय चुकीचा होता. अकरा हजारांहून जास्त माणसं त्या साथीत गेली.

नवी यंत्रणा हवी म्हणणाऱ्यांनी याच साथीचा पुढचा अध्याय जरूर पाहावा, कारण तेव्हा खरोखरच नवी यंत्रणा काढली गेली होती. सप्टेंबर 2014 मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावापाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी इबोलासाठी स्वतंत्र मोहीम उभारली. एखाद्या रोगासाठी अशी ती पहिलीच. तिचं मुख्यालय घानातल्या अक्रा शहरात ठेवलं गेलं, जिथे इबोला नव्हता. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या तिन्ही देशांत आधीच मंत्रालयं, संघटनेची पथकं, स्वयंसेवी संस्था काम करत होत्या, त्यांच्यावर आणखी एक थर चढला. कोणी कोणाला विचारायचं, याचा गोंधळ वाढला. जुलै 2015 च्या अखेरीस मोहीम गुंडाळली गेली. साथ उतरली ती बऱ्याच अंशी गावागावांतल्या लोकांनी दफनाच्या पद्धती बदलल्या, संपर्कातल्या माणसांवर एकवीस-एकवीस दिवस लक्ष ठेवलं, त्यामुळे.

तेव्हा प्रश्न पथकाच्या आकाराचा नाही. प्रश्न आहे तो पहिल्या खबरीचा. ती कशाने लवकर येते, याचं उदाहरण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात आहे. नवापुरात 2006 च्या सुरुवातीला पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरू लागल्या. हा कोंबड्यांचा राणीखेत रोग असेल असं आधी समजलं गेलं. फेब्रुवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, देशातला पहिला. लाखो पक्षी मारून पुरले गेले, देशभर चिकनचे भाव कोसळले, नवापूरचा धंदा बसला. पण सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली. आपल्याकडे भरपाईचा नियमच असा आहे की ती मारलेल्या पक्ष्याची मिळते, रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याची नाही. वरवर पाहता हे कंजूसपणाचं वाटेल. मला मात्र यात शहाणपण दिसतं. जितक्या लवकर कळवाल तितके पक्षी भरपाईस पात्र. पशुवैद्यक खात्याला जे समजलं ते जगातल्या आरोग्यमंत्र्यांना अजून नियमात उतरवता आलेलं नाही.

याच्या नेमकं उलट काय घडतं ते 2021 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी करोनाचा नवा प्रकार, ओमायक्रॉन, शोधला, 24 तारखेला जिनिव्हाला कळवलं, दुसऱ्या दिवशी जगाला सांगितलं. अत्यंत नेमकं, पारदर्शी काम. दोन दिवसांत ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका यांनी दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांच्या विमानांवर किंवा प्रवाशांवर बंदी जाहीर केली. त्या विमानांतून प्रयोगशाळांना लागणारी रसायनंही येत होती. नंतर नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही ओमायक्रॉन आढळला, म्हणजे तो आधीच युरोपात पोचला होता. नेदरलँड्सशी कोणी व्यवहार तोडले नाहीत. त्या महिन्यात एखाद्या गरीब देशाचा आरोग्यमंत्री हे सगळं पाहत असेल, तर पुढच्या वेळी तो चोवीस तासांत कळवेल का?

म्हणून मला हवी ती यंत्रणा दिसायला फार भव्य नाही. तिचा गाभा म्हणजे एक निधी आणि एक नियम. एखाद्या देशाने मुदतीत, पुराव्यासह खबर दिली आणि इतरांनी जागतिक सल्ल्यापलीकडे जाऊन त्याचा प्रवास किंवा माल अडवला, तर त्या अडवणुकीचं नुकसान निधीतून ताबडतोब भरून मिळेल. आणि निधीत भर घालतील ते देश जे सल्ल्यापलीकडे जातात. बंदी घालण्याचा अधिकार त्यांना राहू द्या, सार्वभौम देश तो सोडणारही नाहीत, पण बंदीची किंमत त्यांच्या अर्थमंत्र्याच्या टेबलावर येऊ द्या. आज ती किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाते, त्यामुळे बंदी घालणं हा राजकारण्याला सगळ्यात स्वस्त पर्याय वाटतो. टीव्हीवर कारवाई दिसते, खर्च दिसत नाही.

असा निधी कसा नसावा, याचाही धडा उपलब्ध आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलानंतर जागतिक बँकेने साथींसाठी एक विमा योजना काढली, 2017 मध्ये त्यासाठी 32 कोटी डॉलरचे रोखे विकले. अटी इतक्या चतुर होत्या की 2018 पासून काँगोत इबोलाने दोन हजारांहून जास्त बळी घेतले तरी रोख्यांतून पैसे सुटले नाहीत, कारण दुसऱ्या देशात ठरलेल्या संख्येइतके मृत्यू झालेले नव्हते. करोनात पैसे सुटले, एप्रिल 2020 मध्ये, जग बंद झाल्यावर. मृतदेह मोजून मिळणारी भरपाई उशिराच मिळणार. माझा आग्रह म्हणून इतकाच की भरपाईचं माप मृत्यू नसावं, खबरीची तारीख आणि बंदीची तारीख असावी. या दोन्ही गोष्टी कोणालाही तपासता येतात.

यावर आक्षेप येतील. देश पैशांसाठी खोटी साथ दाखवतील, हा पहिला. प्रयोगशाळेत विषाणू दिसल्याशिवाय भरपाई नसेल, आणि नुकसान अडवणुकीचं मोजायचं आहे, आजाराचं नाही, त्यामुळे यात कमाईला फारसा वाव राहत नाही. दुसरा आक्षेप निरीक्षकवाल्यांचा. पैसे देण्यापेक्षा न सांगता तपासायला जाण्याचा अधिकार घ्या, म्हणजे लपवायची सोयच राहणार नाही. हा मोह मला समजतो. पण युरेनियम समृद्ध करायला कारखाना लागतो, तो उपग्रहातून दिसतो. विषाणू कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात उगवतो. तिथे निरीक्षक पोचेपर्यंत आठवडे गेलेले असतात. वुहानमध्ये विषाणूचं मूळ शोधणारं संघटनेचं पथक 14 जानेवारी 2021 ला उतरलं, पहिल्या खबरीनंतर वर्षाहून अधिक काळाने, आणि तेही मिनतवाऱ्या करून. मे 2025 मध्ये जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला, त्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की संघटनेला कोणत्याही देशावर टाळेबंदी, लसीकरण वा प्रवासबंदी लादता येणार नाही. इतकं लिहूनही अमेरिका बाहेरच राहिली. तिने जानेवारीतच संघटना सोडण्याचा आदेश काढला होता. सक्तीच्या मार्गाने जाऊ म्हणणाऱ्यांनी हा अंदाज घ्यावा की आजच्या जगात त्या मार्गावर किती देश उभे आहेत.

त्या कराराचा खरा कठीण भाग मंजुरीच्या वेळी पुढे ढकलला गेला. विषाणूचे नमुने आणि त्यांपासून होणाऱ्या लसी यांची वाटणी. हे भांडण 2007 चं. इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. आमचा विषाणू घेऊन श्रीमंत कंपन्या लस करतील आणि ती आम्हालाच परवडणार नाही, असं तिथल्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी म्हणाल्या. जगाने त्यांना आडमुठ्या ठरवलं, पण चार वर्षांनी त्याच तत्त्वावर फ्लूपुरती एक चौकट तयार झाली. इथेही मुद्दा तोच. माहिती देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

लसींबद्दल बोलताना आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी जरा जपून बोलावं. गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेचा मोठा भार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होता. 2021 च्या मार्चनंतर भारताने निर्यात थांबवली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्याची वाट पाहत राहिली. त्याच एप्रिलमध्ये लस संपल्यामुळे मुंबईतली केंद्रं बंद पडत होती. अशा वेळी सीरमच्या हडपसरहून लसीच्या पेट्या परदेशी जाऊ द्या, असं म्हणणारं सरकार लोकशाहीत टिकणार नाही आणि मी स्वतः त्या रांगेत असतो तर म्हणालो नसतो. म्हणूनच संकटाच्या वेळी निर्यात चालू ठेवण्याची वचनं कराराच्या कागदावर घेण्यात मला अर्थ वाटत नाही. कारखाने एका शहरात एकवटू नयेत, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, ब्राझील इथे ते आधीच उभे असावेत, हे जास्त खरं. आफ्रिकेचं स्वतःचं रोगनियंत्रण केंद्र 2017 पासून अदिस अबाबात काम करतं आहे. प्रादेशिक यंत्रणांवर भरवसा ठेवला तर जिनिव्हाकडे जे उरेल ते थोडं असेल, पण पार पडेल असं असेल.

त्या थोड्यासाठीही स्थिर पैसा लागतो. संघटनेच्या खर्चातला देशांच्या बंधनकारक वर्गणीचा वाटा करोनाच्या काळात पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता, बाकी सगळं देणगीदारांच्या मर्जीचं आणि त्यांच्या आवडीच्या कामांचं. 2022 मध्ये तो हळूहळू निम्म्यापर्यंत न्यायचं ठरलं आहे. अमेरिका गेल्यावर ते गणित आणखी अवघड झालं.

एक गोष्ट मात्र जिनिव्हाच्या हातात नाही. खबर देश देत नसतो. ती देते एखादी आशाताई, एखादा खासगी डॉक्टर, मांडवीतल्या व्हिएगससारखा. जिल्ह्यात डेंग्यूचे आकडे वाढले की वरून विचारणा येते, मग पुढच्या महिन्यात आकडे कमी ‘येतात’, हे आपल्याकडच्या आरोग्य खात्याशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. देशाला भरपाईची हमी मिळाली तर निदान मंत्रालयातून खाली येणारा ‘जरा दमानं घ्या’ हा निरोप बंद होईल. बाकी सुधारणा इथल्या इथेच करायची आहे.

असा निधी मागायचा अधिकार कोणाला असेल तर तो भारताला आहे. मामला आणि सुरतेचं बिल आपण एकट्याने भरलं. पण मागताना आपल्यालाही वर्गणी काढावी लागेल. ओमायक्रॉनची बातमी आली तेव्हा आपणही दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिम्बाब्वे या देशांना धोक्याच्या यादीत टाकलं आणि 15 डिसेंबरपासून सुरू होणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुढे ढकलली. वरच्या नियमाने त्यातलं किती सल्ल्यापलीकडचं ठरेल आणि त्यापोटी प्रिटोरियाला किती देणं निघेल, हा हिशेब दिल्लीने आधी स्वतः करावा आणि तो घेऊनच जिनिव्हाला जावं.